बाकी काय?

“आजोबा, तुम्ही फोनसमोरून बाजूला व्हा. मला कावेरी दिसत नाही.”

“दिसून काय करायचंय, बाई? उत्तर बरोबर हाय. मी सांगितलं की आत्ता.”

“तुमचं उत्तर मला नकोय. तिचं हवंय.”

“तिचंच हाय ते. मी नुसतं पोचवलं.”

“का? तिला तोंड नाही?”

फोनमधली पोरं खिदळली. एकानं हंबरल्याचा आवाज काढला, तशी बाकीची आणखी हसली. कारण आमचा फोन गोठ्यात होता. घरात कुठंच रेंज यायची नाही, गव्हाणीपाशी तेवढी यायची. म्हणून माझी सून सारिका रोज सकाळी गव्हाण झाडून, पेंडीच्या पोत्याला फोन टेकवून लेकीचा वर्ग मांडून द्यायची. माझा म्हातारा बैल राज्या त्या फोनकडं बघत रवंथ करत उभा असायचा. त्याच्या गळ्यातली घंटा सगळ्या वर्गाला ऐकू जायची.

“माझ्या नातीला तोंड हाय,” मी म्हणालो. “फक्त तुमच्यावाणी ती ते उगाच वाजवत न्हाय.”

“कावेरी,” बाई माझ्याकडं साफ दुर्लक्ष करून म्हणाली, “माइक चालू आहे. शिल्लक किती राहिली आणि कशी राहिली, ते तुझ्या शब्दांत सांग. चुकलं तरी चालेल. पण बोल.”

कावेरीनं ओठ घट्ट मिटले. माझ्या उपरण्याखाली तिचा हात माझ्या हातात होता. मी जे मोठ्यानं बोलून बसलो होतो तेच तिची बोटं मला परत सांगत होती, जरा जोरातच.

“ठीक आहे. पुढं चला,” बाई म्हणाली, आणि आमचा माइक तिनं तिकडूनच बंद केला.

हे टाळेबंदीच्या वर्षातलं आहे. माझा मुलगा हणमंत तमिळनाडूत ईरोडला असतो. त्याचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देण्याचं. आटपाडी-विट्याकडची निम्मी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, त्यातलंच आमचं एक. कावेरी तिथंच जन्मली. तिथल्या नदीचं नाव हणमंतानं तिला दिलं. पाचवीपर्यंत ती तिथल्याच शाळेत शिकली, तमिळमधून. दुकान बंद पडलं तेव्हा हणमंत एकटा तिथं राहिला आणि बायको-पोरीला त्यानं गावी धाडलं. पुढं त्यानं ठरवलं की पोरीनं आता गावातच शिकावं.

हेडमास्तरांनी दाखला हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. सगळा तमिळमध्ये.

“मला यातलं एक अक्षर लागत नाही,” ते म्हणाले. “ही सहावीतली आहे हे मी कशावरून मानू? तुम्ही हिला विट्याच्या बाबर मॅडमचा फोनवरचा गणिताचा वर्ग लावा. त्या पोरं ओळखतात. त्या सहावी म्हणाल्या तर सहावी. नाही तर चौथीत बसवतो, मराठीची सवय होईल.”

चौथीत! पोरगी माझ्या खांद्याला लागत होती. चौथीच्या बाकात तिचे गुडघे मावले नसते. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं दप्तर चुलीजवळ फेकलं आणि म्हणाली, “मी चौथीत जाणार नाही. त्यापेक्षा बैल राखीन.”

बाबर मॅडमचं माझ्याशी पहिल्यापासून जमलं नाही. तिची शिकवण्याची रीतच मला उलटी वाटायची. गणित घालायची आणि उत्तर कुणाचं आलं ते विचारायचीच नाही. म्हणायची, “उत्तर शेवटी. आधी कसं केलं ते बोला.” मग एखादं पोरगं काहीतरी चुकीचंच सांगायचं. ती त्याला चूक म्हणायची नाही, बरोबरही म्हणायची नाही. बाकीच्यांना विचारायची, “कुणाला पटलं? कुणाला नाही पटलं?” की सगळी एकदम ओरडायला लागायची. मला तो भाजीचा लिलाव वाटायचा.

मी जन्मभर हेडीपणा केला. हेडी म्हणजे बैलांचा दलाल. खरसुंडीच्या जत्रेत माझ्या हातून गेलेले खिलार बैल लोक अजून सांगतात. आमच्या धंद्यात आकडा कधी तोंडानं बोलायचा नाही. विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली घ्यायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. त्यानं नको म्हटलं तर बोट सोडायचं, दुसरं धरायचं. वर चेहऱ्यावर काही नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. आकडा तोंडातून गेला की सौदा गेला.

आणि अक्षर तर मी पिकल्या केसांचा झाल्यावर शिकलो. हणमंतानं मोबाईल धाडला होता आणि त्यावर कुणाचा फोन येतोय ते मला वाचता येत नव्हतं. ग्रामपंचायतीत मोठ्यांचा वर्ग चालायचा, तिथं जाऊन बसलो. तिथले मास्तरही असेच, “मोठ्यानं वाचा, मोठ्यानं वाचा” म्हणायचे. मी एकदाही वाचलं नाही. मनात वाचून मान हलवायचो. तरी शिकलोच की. पहिलं नाव कुणाचं वाचलं तर कावेरीचं. हणमंताच्या नंबराला मी तिचं नाव लावून घेतलं होतं, कारण दर रविवारी फोन तीच करायची. चार गोष्टी ठरलेल्या असायच्या. आवाज येतोय का, जेवलीस का, अभ्यास केलास का, बाकी काय. तेवढं झालं की फोन बापाच्या हातात.

ती गावाला आल्यावर मी तिला गंमत म्हणून उपरण्याखालचे आकडे शिकवले होते. फार लवकर शिकली. तिला मराठी आकडे म्हणायला जड जायचे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत ती अडकायची, मनात तमिळमध्ये मोजायची. बोटांना कुठली भाषा? म्हणून वर्गात ती बोटांनी मला सांगायची आणि मी बाईला. घरात सगळ्यांनी धरून चालवलं होतं की पोरगी आकड्यांपायी गप्प बसते.

बाईनं आमचा माइक बंद केला त्या दिवशी वर्ग संपला तसा ईरोडहून फोन आला. सारिकानं फोन स्पीकरवर टाकला, मुद्दाम, मला ऐकू यावं म्हणून.

“बाबर मॅडमचा फोन आला होता,” हणमंत म्हणाला. “त्या म्हणतात, पोरगी वर्गात अक्षर बोलत नाही आणि आबा शेजारी बसून उत्तरं सांगतात.”

“मी न्हाय सांगत,” मी म्हणालो. “तीच सांगते.”

“त्यांना कसं कळणार? त्या म्हणाल्या, उत्तर पोरीचं का म्हाताऱ्याचं, मला माहीत नाही. शनिवारी तिची एकटीची तोंडी घेणार. बोलली तर सहावी. नाही बोलली तर हेडमास्तरांना चौथी कळवणार.”

“कळवू दे! ती कोण लागून गेली?”

“आबा, तीच लागून गेलीय. हेडमास्तरांनी तिच्यावरच सोडलंय ना.”

फोन ठेवल्यावर सारिका माझ्यावर फिरली. ती मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात.

“झालं समाधान, मामा? शिकवा अजून उपरण्याखाली. उद्या हिला जत्रेत उभी करा बैल विकायला.”

“बैल विकूनच तुझ्या नवऱ्याला वाढवला.”

“म्हणून तोही काही बोलत नाही कधी. सगळं घरच मुकं. मी एकटी बडबडते भिंतींशी!”

“तू बोलतेस ते पुरं हाय सगळ्या घराला.”

“आणि पोरीचं काय? तिची दोन वर्षं गेली तर कोण भरून देणार, तुमचा राज्या?”

कावेरी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मी तिला विचारलं, “तू का गं बोलत न्हाईस त्या बाईशी? आकडे येत न्हाईत म्हणून?”

तिनं मान हलवली. होय म्हणून का नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुधाच्या टेम्पोत बसून विट्याला गेलो. तोवर रस्ते जरा मोकळे झाले होते. बाबर मॅडमचं घर शोधायला त्रास झाला नाही. गल्लीत विचारलं तर पत्त्याची खेळी मांडून बसलेल्या टोळक्यातला एक जण म्हणाला, “मजेत मॅडम का? ते पिवळं घर.” आणि सगळी फिदीफिदी हसली. मला त्याचा अर्थ लागला नाही.

दार तिनंच उघडलं. फोनमध्ये दिसायची त्याहून लहान होती, तिशीची असेल. बोटं खडूनं पांढरी झालेली. मागं लोखंडी कपाटाच्या दारावर काळा रंग दिलेला होता आणि त्यावर भागाकार लिहिलेला होता. तिचा फळा म्हणजे तोच.

“मी कावेरीचा आजा,” मी म्हणालो.

“आवाजावरून ओळखलं. वर्ग फोनवर असतो, आजोबा. दारात नाही.”

“मी शिकायला न्हाय आलो. विचारायला आलोय. माझ्या नातीनं तुमचं काय घोडं मारलंय?”

“मास्क नीट लावा आधी.”

मी मास्क वर ओढला. तिनं आत या म्हटलं नाही. मी पायरीवर बसलो. ती दाराला टेकून उभी राहिली.

“पोरीला गणित येतंय,” मी म्हणालो. “तुम्हालाबी ते माहिती हाय. मग तोंड उघड, तोंड उघड म्हणून तिच्या मागं का लागलाय? गणित करायचं असतं, बडबडायचं नसतं.”

“बडबडायचंच असतं. मूल बोललं नाही तर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कसं दिसणार? समोर बसलेलं असतं तर वहीत डोकावले असते, चेहरा वाचला असता. फोनमध्ये मला काय दिसतं? तुमचा बैल दिसतो.”

“बैल तरी दिसतोय ना. त्याला शिकवा.”

“तो निदान घंटा वाजवतो,” ती म्हणाली. “तुमच्या नातीहून बरा.”

मी उठलो. हातातली काठी जमिनीवर आपटली. आतून कुणी तरी म्हातारी ओरडली, “कोण आहे गं? हळू बोल!” तशी बाईनं दार मागं ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. पण तो आवाज खाली आला तसा जास्तच कडू झाला.

“आजोबा, तुम्हाला तुमची नात गरीब गाय वाटते. मला माहिती आहे ती कशी आहे ते. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या वर्गासमोर माझी चेष्टा केली. मी ती गिळली, तुमच्या मुलाला सांगितलीसुद्धा नाही.”

“कावेरीनं? चेष्टा?”

“तुम्ही कुठं होतात त्या दिवशी?”

मी दवाखान्यात गेलो होतो, डोळे दाखवायला. सारिका ज्वारी काढत होती. पोरगी एकटीच होती गोठ्यात.

“भागाकार घातला होता,” बाई म्हणाली. “सगळ्यांत आधी तिनं हात वर केला. खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटलं. नवीन मुलगी, परक्या भाषेतून आलेली, आणि पहिला हात हिचा. मी विचारलं, ‘छान! सांग कावेरी, बाकी काय?’ तर ही काय म्हणाली माहिती आहे? ‘बाकी मजेत. तुमचं काय?’”

मी काठी धरून तसाच उभा राहिलो.

“सगळी पोरं लोळून लोळून हसली. त्यांच्या घरचेही हसले, मागून आवाज येत होते. दुसऱ्या दिवसापासून गणित विचारलं की ‘बाकी मजेत, मॅडम.’ गल्लीत भाजी आणायला गेले तरी मागून कुणी तरी ओरडतं. टाळेबंदीत माझी शाळेतली नोकरी गेली, ती पुन्हा कुठं लागेल तेव्हा हे नाव माझ्याआधी तिथं पोचलेलं असेल. मी तो शब्दच सोडून दिला. भागाकारात बाकी म्हणत नाही, शिल्लक म्हणते.”

“तुम्ही काय म्हणाला तिला? त्या दिवशी?”

“काय म्हणणार? म्हटलं, आगाऊपणा माझ्या वर्गात चालायचा नाही. तोंड बंद ठेव.”

“मग ठेवलंय की तिनं बंद.”

 बाईनं बोटांवरचा खडू पदराला पुसला.

“दुसऱ्या दिवसापासून मी बोल म्हणतेय ना तिला,” ती म्हणाली. “रोज म्हणतेय.”

मला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. पण ज्या बाईनं माझ्या पोरीला तोंड बंद ठेव म्हटलं होतं, तिच्या पायरीवर उभं राहून घरातली गोष्ट उलगडून सांगायला माझी जीभ वळेना. आमच्या धंद्यात हातात आलेली गोष्ट मुठीत ठेवतात.

“शनिवारी घ्या तोंडी,” मी म्हणालो.

“घेणारच आहे. आणि तुम्ही गोठ्यात दिसलात तर तिथंच बंद करणार.”

“न्हाय दिसत.”

परतीच्या टेम्पोत रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात मी बसलो होतो. कावेरी तीन-चार वर्षांची असताना मीच तिला फोनवर ते शिकवलं होतं. मी म्हणायचो, “बाकी काय?” आणि ती गप्प. मग मी म्हणायचो, “म्हणायचं, बाकी मजेत. तुमचं काय?” ती बोबड्या बोलीत म्हणायची आणि तिकडं हणमंत, इकडं माझी बायको, दोघं हसायची. बायको गेली, तरी दर रविवारी आमचं ते चालूच होतं. तमिळ शाळेत भागाकारात उरतं त्याला निराळं काही तरी म्हणत असतील. पोरीनं फोनवर मराठी ऐकली ती माझ्याकडून. फोनवर कुणी विचारलं, बाकी काय, तर काय म्हणायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. तेच ती म्हणाली, आणि सगळी हसली.

घरी आल्यावर मी तिला काही विचारलं नाही. सारिकालाही सांगितलं नाही.

शनिवारी सारिकानं गव्हाण रोजच्यापेक्षा जास्त घासली. राज्याला बाहेर बांधू म्हणाली, पण कावेरीनं नको म्हणून मान हलवली. बैल आतच राहिला. मी गोठ्याबाहेर कडब्याच्या गंजीला टेकून उभा राहिलो. तिथून मला कावेरीची पाठ दिसायची आणि फोन ऐकू यायचा. फोनला मी दिसत नव्हतो.

“मामा, आज तोंड उघडलंत तर बघा,” सारिका दातओठ खाऊन म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“कावेरी, एकटी आहेस?” फोनमधून आवाज आला.

कावेरीनं मान हलवली.

“मान नको. तोंडानं सांग.”

काही नाही.

“बरं. एक हजार तीन भागिले आठ. कर.”

पेन्सिल चालली. फार चालली नाही, लगेच थांबली.

“झालं? आता बोल. कसं केलंस?”

राज्याची घंटा वाजली.

“भागाकार किती आला ते तरी सांग. शिल्लक किती राहिली? कावेरी, हे बघ, मराठी आकडा येत नसेल तर इंग्रजीत सांग. तमिळमध्ये सांग, मी विचारून घेईन कुणाला तरी. पण मला तुझा आवाज ऐकायचाय.”

पोरीचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले. पाठीमागं तिचा हात रिकाम्या हवेत बोटं मिटत-उघडत होता. उपरणं नव्हतं, तरी ती मला सांगत होती.

“मी शेवटचं विचारतेय,” बाई म्हणाली. “तुझ्यावर माझा राग आहे असं तुला वाटतं का? आहे थोडा. पण मला खोटं कळवायला लावू नकोस. बोल.”

सारिकानं पदर तोंडाला लावला.

मी हाताची मूठ केली, कानाला लावली आणि ओरडलो, “हॅलोऽ!”

“आजोबा!” फोन कडाडला. सारिका माझ्याकडं धावली.

“हॅलोऽ! कोण, कावेरी का? आवाज येतोय का?”

कावेरीनं वळून बघितलं. मी मूठ कानाला लावून दुसरीकडं, माळाकडं बघत उभा होतो, जसा दर रविवारी उभा राहायचो.

“आजोबा, मी बंद करतेय हं!”

“आवाज येतोय का गं?”

“येतोय, आबा,” कावेरी म्हणाली.

फोन काही बंद झाला नाही. सारिका माझा दंड धरून उभी होती, तिची पकड ढिली झाली.

“जेवलीस का?”

“जेवले.”

“काय खाल्लंस?”

“भाकरी. आणि ते… पिठलं.”

“अभ्यास केलास का?”

“केला.”

मी मूठ घट्ट कानावर दाबली. “बाकी काय?”

तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी माळाकडंच बघत राहिलो.

“बाकी तीन,” ती म्हणाली.

“तीन? कशी गं तीन?”

“हजाराचे आठ भाग केले. एकेक वन ट्वेंटी फाइव्ह.”

“मला न्हाय पटलं. हजाराचे आठ भाग असे नीट होतात व्हय?”

“होतात, आबा.”

“उगाच काय पण सांगतीस. मला म्हातारा बघून गंडवतीस.”

“अय्यो, आबा, ऐका तरी!” ती उठूनच उभी राहिली. “हजाराचे दोन भाग करा. पाचशे-पाचशे. त्याचे परत दोन-दोन. अडीचशे. परत दोन-दोन. झाले ना आठ? नूत्ति इरुबत्तंजु. वन ट्वेंटी फाइव्ह. सगळा हजार संपला. वरचे तीन राहिले. तीनाचे आठ भाग कसे करणार? नाही होत. म्हणून बाकी तीन!”

“मग असं सरळ सांग की. ओरडतीस कशाला?”

“तुम्हीच ओरडताय!”

बाई तेव्हा बोलली. आवाज बारीक होता.

“आजोबा, मी तुम्हाला बोलू नका म्हणून सांगितलं होतं.”

“मी तुमच्याशी न्हाय बोललो,” मी कडब्याआडून म्हणालो. “मी ईरोडच्या फोनवर बोलत हुतो. दर रविवारी बोलायचो. जेवलीस का, अभ्यास केलास का, बाकी काय. ती लहान असल्यापासनं.”

“आज शनिवार आहे,” ती म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.  मागं कुठं तरी त्यांच्या घरातली म्हातारी खोकत होती. खडू कपाटाच्या लोखंडी दारावर घासल्याचा आवाज आला. कावेरी उभीच होती.

“कावेरी, बस. अजून एक. नऊशे बारा भागिले आठ.”

पेन्सिल या वेळी जरा जास्त चालली. सारिका माझ्याशेजारी उभी राहून हळूच पुटपुटत भागाकार करत होती. तिचं पूर्ण व्हायच्या आत पेन्सिल थांबली.

“झालं?”

“झालं, मॅडम.”

बाईनं लगेच विचारलं नाही. शब्द तिच्या तोंडात अडकला होता हे मला इतक्या लांबूनही कळलं. एकदा तिनं “शिल्ल” एवढं म्हटलंच. मग थांबली.

“बाकी काय?”

कावेरीची पाठ ताठ झाली. मला वाटलं, गेलं सगळं. मी मूठ परत कानाकडं नेली, सारिकानं ती खाली दाबून धरली.

“बाकी काही नाही,” कावेरी म्हणाली. आणि थोडं थांबून, पुढं जे म्हणायची तिला लहानपणापासून सवय होती ते म्हणाली, “तुमचं काय?”

सारिकानं डोळे मिटून घेतले. राज्यानंही मान हलवायची थांबवली असावी, कारण घंटा वाजली नाही.

“मजेत,” बाई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी तिचा निरोप आला, सारिकाच्या फोनवर. सारिकानं फोन माझ्या पुढ्यात धरला, म्हणाली, “तुम्हीच वाचा, तुमच्यासाठीच आहे.” मी एकेक अक्षर लावत वाचला, आणि का कोण जाणे, मोठ्यानं वाचला.

“हेडमास्तरांना सहावी कळवली आहे. मुलीनं वर्ग सोडू नये. आजोबांना गोठ्यात बसू देऊ नये.”

“बघा कशी बाई हाय,” मी म्हणालो. “गोठा माझा, बैल माझा, आणि बंदी मलाच.”

“बरोबरच आहे,” सारिका म्हणाली.

बाबर मॅडमशी माझं पुढंही जमलं नाही. एकदा विट्याच्या बाजारात समोरासमोर आलो, तिनं नमस्कार केला नाही, मीही केला नाही. पण सोमवारपासून वर्ग सुरू झाला की मी काठी घेऊन मुकाट माळाला जायला लागलो. पहिल्या दिवशी बांधापर्यंत पोचलो तरी मागून गोठ्यातला आवाज ऐकू येत होता. कुण्या पोरानं काही तरी सांगितलं असावं, कारण कावेरी त्याच्यावर ओरडत होती, “नाही पटलं मला. परत सांग!”